बुबुळाच्या रोपणानंतर गावाला जाताना

कापूस विकून झाला, लग्नसराई लागली, शाळांना सुट्ट्या पडल्या की पांढरकवड्याच्या बसस्थानकावर पाय ठेवायला जागा नसते. कोणी यवतमाळला निघतं, कोणी माहूरला रेणुकेच्या दर्शनाला, कोणी पैनगंगा ओलांडून आदिलाबादच्या सोयऱ्यांकडे. या गर्दीत अशीही काही माणसं असतात, ज्यांच्या डोळ्यात कुणाच्या तरी मरणोत्तर दानातून आलेलं बुबुळाचं पारदर्शक पटल बसवलेलं आहे. त्यांना घरातूनच दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक जण म्हणतो, आता घराबाहेर पडूच नको. दुसरा म्हणतो, ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, आता कशाला भ्यायचं! माझ्या मते दोघंही रुग्णाचं नुकसान करतात. रोपणानंतर गावाला जाता येतं, लग्नाला जाता येतं, विमानातही बसता येतं. मात्र सुट्टीत थेंबांची वेळ चुकते, पाणी बदलतं, धूळ आणि गर्दी वाढते आणि आपला डॉक्टर लांब राहतो. या सगळ्याची तयारी घरून निघण्याआधी व्हायला हवी.

डोळ्यात नेमकं काय बसवलेलं असतं

अख्खा डोळा बदलला, असा समज आजही गावोगावी आहे. बदललेला असतो तो फक्त कॉर्निया, म्हणजे काळ्या बुबुळावरचा घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक भाग. त्याची जाडी मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. जखमेनं किंवा जंतुसंसर्गानं तो पांढरा पडला की आपण डोळ्यात फूल पडलं म्हणतो.

कापसाच्या पट्ट्यात असं फूल पडण्याची कारणं शेतातच सापडतात. पऱ्हाटीची काडी, तुरीचं खुंट, ज्वारीचं पान डोळ्याला लागतं. ओरखडा छोटा असतो, पण त्यातून बुरशी आत शिरते आणि बुबुळावर व्रण होतो. फवारणीचं औषध डोळ्यात उडणं हेही आपल्याकडे नवं नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा हा धोका साऱ्या देशानं पाहिला. तिसरं कारण खिशातला चुना. पुडी दाबताना तो उडतो आणि बुबुळ भाजतं. माणसाच्या डोळ्यावरचं पहिलं यशस्वी कॉर्नियारोपण ७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स इथं एदुआर्द झिर्म यांनी केलं. त्यांचा रुग्णही चुन्यानंच दोन्ही डोळे भाजलेला मजूर होता. त्याचा एक डोळा वाचला.

कारण सांगितलं ते एवढ्यासाठी की त्यावर पुढची काळजी ठरते. निरोगी कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे शरीराची रोगप्रतिकारशक्ती परक्या पटलाला सहसा लवकर ओळखत नाही आणि रोपण टिकतं. मात्र भाजलेल्या किंवा व्रण होऊन गेलेल्या बुबुळात रक्तवाहिन्या शिरलेल्या असतात. तिथं बसवलेलं पटल शरीर नाकारण्याचा संभव जास्त असतो. केराटोकोनस, म्हणजे बुबुळ शंकूसारखं पुढे येण्याच्या आजारासाठी रोपण झालेल्या तरुणापेक्षा व्रणानंतर रोपण झालेल्या शेतकऱ्यानं म्हणून अधिक सावध राहायला हवं. आपल्या डोळ्यात रोपण कशासाठी झालं आणि कोणत्या प्रकारचं झालं, हे रुग्णाला आणि घरातल्या निदान एकाला ठाऊक असावं.

प्रकार मुख्यतः तीन. काहींमध्ये कॉर्निया पूर्ण जाडीचा बदलतात आणि केसापेक्षा बारीक नायलॉनच्या टाक्यांनी शिवतात. काहींमध्ये फक्त पुढचे थर बदलतात. तिथंही टाके असतात. तिसऱ्या प्रकारात फक्त सगळ्यात आतला पातळ थर बदलतात आणि तो चिकटून बसावा म्हणून डोळ्यात हवेचा किंवा वायूचा बुडबुडा सोडतात.

कधी निघता येईल

ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे तपासणीचे असतात. या काळात डॉक्टर वारंवार बोलावतात आणि त्या तारखा मोडून सहल ठरवू नये. लग्नाची तारीख आधीच ठरलेली असेल, तर ऑपरेशनची तारीख घेतानाच ती डॉक्टरांना सांगावी.

बुडबुडा सोडलेला असेल तर तो विरेपर्यंत विमानप्रवास पूर्ण वर्ज्य. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, बुडबुडा फुगतो आणि डोळ्याच्या आतला दाब वाढतो. साधी हवा काही दिवसांत विरते, एसएफ-६ सारखा वायू त्याहून जास्त दिवस राहतो. हेच कारण घाटालाही लागू पडतं. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटरवर आहे. डोळ्यात बुडबुडा असताना तिथं थंड हवा खायला जाणं योग्य नाही. बुडबुडा असताना दुसऱ्या कुठल्या कारणासाठी भूल द्यायची वेळ आली, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण भुलीच्या काही वायूंनीही बुडबुडा वाढतो. बुडबुडा नसेल आणि डॉक्टरांची परवानगी असेल, तर विमानाचा डोळ्याला धोका नाही. आतली हवा कोरडी असते, म्हणून अश्रूंसारखे ओलावा देणारे थेंब हाताशी ठेवावेत.

टाक्यांची गोष्ट वेगळी. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसल्यानं जखम फार सावकाश भरते. पूर्ण जाडीच्या रोपणाचे टाके कित्येक महिने, बहुतेकदा वर्षभर किंवा त्याहूनही अधिक ठेवतात आणि टप्प्याटप्प्यानं काढतात. अनेकांना वाटतं, टाके निघाले की सुटलो. प्रत्यक्षात टाका काढल्यानंतरच्या दिवसांत जंतुसंसर्गाचा आणि पटल नाकारलं जाण्याचा धोका वाढतो. म्हणून टाका काढला त्याच आठवड्यात लांबचा प्रवास नको. थेंब सांगितल्याप्रमाणे टाकून पुढची तपासणी होऊ द्यावी, मग निघावं.

परतीचा रस्ता आधी ठरवा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हॉटेल, गाडी, कपडे ठरतात, पण डोळा लाल झाला तर कुठं जायचं, हे कोणी ठरवत नाही.

रोपण केलेलं पटल शरीर नाकारू लागलं, तर पहिल्या एक-दोन दिवसांत उपचार मिळाल्यास बहुतेकदा ते वाचतं. तासातासाला स्टेरॉइडचे थेंब सुरू करतात, वेळ पडली तर औषध तोंडावाटे किंवा शिरेतून देतात. उशीर झाला तर पटलाच्या आतल्या थरातल्या पेशी मरतात. त्या पेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत. तेवढं नुकसान कायमचं राहतं आणि पटल धुरकट होत जातं. असा झटका पहिल्या वर्ष-दीड वर्षात जास्त येतो, पण दहा-वीस वर्षांनीही येऊ शकतो.

चार खुणा लक्षात ठेवायच्या: डोळा लाल होणं, उजेड सहन न होणं, नजर धूसर होणं, दुखणं. यातली एक जरी दिसली आणि काही तासांत गेली नाही, तर त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर गाठायचा. रोज सकाळी दुसरा डोळा हातानं झाकून एखाद्या ठरावीक वस्तूकडे, कॅलेंडरच्या आकड्यांकडे, रोपणाच्या डोळ्यानं बघायची सवय लावून घ्यावी. काल दिसत होतं ते आज पुसट दिसतंय, हे तेव्हाच कळतं. दोन्ही डोळ्यांनी बघत राहिलं तर चांगला डोळा वाईट डोळ्याची खोट झाकतो आणि आठवडा निघून जातो.

पांढरकवड्यात उपजिल्हा रुग्णालय आहे, यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्राथमिक तपासणी तिथं होते. कॉर्नियाच्या तज्ज्ञासाठी मात्र बहुधा सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा महात्मे नेत्रपेढी, नाहीतर हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था गाठावी लागते. आपलं गाव नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे, हा मोठा आधार आहे. नागपूर साधारण दीडशे किलोमीटर. सकाळी निघालं तर दुपारपर्यंत पोचता येतं. मेळघाटातल्या एखाद्या पाड्यावर किंवा कोकणातल्या खाडीकाठी हेच जमेल का, याचा विचार बेत आखतानाच करावा. जिथं जातो तिथून सर्वांत जवळचं नेत्ररुग्णालय कोणतं, तिथं कॉर्नियाचे तज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात, हे फोन करून विचारून घ्यावं. जोडून सुट्ट्या आल्या की बाह्यरुग्ण विभाग बंद असतो, तेव्हा आपत्कालीन विभाग सुरू असतो का, तेही विचारावं.

सोबत एक कागद हवा. कोणता डोळा, रोपण कधी आणि कोणत्या प्रकारचं, टाके आहेत की काढले, सध्याचे थेंब आणि त्यांच्या वेळा, कशाची ॲलर्जी, मधुमेह आहे का, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा फोन. डॉक्टरांकडून तो लिहून घ्यावा आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. पैनगंगेपलीकडे जाणार असाल तर इंग्रजीत असलेला बरा.

थेंब: विसर आणि ऊन

रोपणानंतर प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइडचे थेंब दीर्घकाळ चालतात. सुरुवातीला दिवसातून अनेकदा, मग हळूहळू कमी. काहींना वर्षानुवर्षं दिवसातून एक थेंब ठेवतात. हा एक थेंबच सुट्टीत सर्वांत सहज विसरतो. वराती रात्री बारापर्यंत चालतात, सकाळी उठायला उशीर होतो, बाटली बॅगेच्या तळाशी जाते. मोबाइलला गजर लावणं हा साधा उपाय आहे. घरातल्या एका माणसाकडे, शक्यतो शाळेत जाणाऱ्या मुलाकडे, ही जबाबदारी द्यावी. मुलं ती फार मनापासून पार पाडतात.

थेंब स्वतःहून बंद करायचे नाहीत, आणि डोळा चुरचुरला म्हणून स्वतःहून वाढवायचेही नाहीत. स्टेरॉइडनं काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो आणि काचबिंदू होतो. तो दुखत नाही, म्हणून कळत नाही. लांबच्या मुक्कामाला निघण्याआधी डोळ्याचा दाब मोजून घ्यावा.

दोन बाटल्या दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवाव्यात. एक हरवली, फुटली तरी दुसरी राहते. लहान गावात ठरावीक औषध मिळेलच असं नाही, आणि दुकानदार त्यासारखंच म्हणून दुसरं देतो. ते घेऊ नये. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. थेंबांची बाटली गाडीत, डिकीत किंवा खिडकीच्या कडेला ठेवू नये. थर्मासच्या डब्यात किंवा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात ती नीट राहते. बर्फाला चिकटवून गोठवूही नये. लेबलवर हलवून वापरा लिहिलेलं असेल तर हलवायला विसरू नये, कारण औषध तळाशी बसलेलं असतं. उघडलेली बाटली साधारण महिन्यानं टाकून द्यावी. दोन वेगळ्या थेंबांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्यावीत. हात साबणानं धुवावेत. नुसतं सॅनिटायझर लावलं असेल तर हात पूर्ण वाळू द्यावेत.

व्रण हर्पिसच्या विषाणूमुळे झाला असेल, तर डॉक्टर ॲसायक्लोव्हिरसारख्या गोळ्या दीर्घकाळ देतात. कडक ऊन, ताप, जागरण यांनी तो विषाणू पुन्हा उठू शकतो. या रुग्णांनी गोळ्या मुक्कामाच्या दिवसांपेक्षा थोड्या जास्तच सोबत घ्याव्यात.

नवरात्रात केळापूरच्या जगदंबेला नऊ दिवसांचे कडक उपवास करणाऱ्या बाया थेंबही सोडून देतात. डोळ्यातल्या थेंबानं उपवास मोडत नाही. रमजानच्या रोज्याबाबतही डोळ्यातल्या थेंबानं रोजा तुटत नाही असं अनेक उलेमांचं मत आहे. मनात शंका असेल तर मौलानांना आधी विचारून घ्यावं, औषध मात्र थांबवू नये.

पाणी

नदी, तलाव, विहीर, जलतरण तलाव, वॉटर पार्क यांतल्या पाण्यात जंतू असतात. अकँथामिबा नावाचा एक सूक्ष्मजीव गोड्या पाण्यात आणि ओल्या मातीत राहतो. तो बुबुळात शिरला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात. टाके असेपर्यंत पाण्यात डुबकी नकोच. त्यानंतर कधी, हे डॉक्टर सांगतील. तेव्हाही डोळे घट्ट झाकणारा पोहण्याचा चष्मा हवा आणि डोकं वर ठेवूनच पोहावं. उडी मारणं नको, पाण्याचा मारही मोठा असतो.

आपल्या भागातला खरा मोह उनकेश्वरचा. किनवट तालुक्यातल्या तिथल्या गरम झऱ्याच्या पाण्यानं अंगाचे रोग जातात या श्रद्धेनं लोक दुरून येतात. डोळ्यावर ते पाणी मारू नये. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थाची स्नानं आहेत. तिथंही ज्यांचं रोपण झालं आहे त्यांनी डुबकी न घेता तीर्थ अंगावर शिंपडून घ्यावं, मानेखाली पाणी घ्यावं. कुठलंही तीर्थ, गुलाबपाणी, मध, दूध डोळ्यात घालू देऊ नये. प्रेमानं आलेली आजी असली तरी.

काँटॅक्ट लेन्स वापरत असाल तर ती नळाच्या पाण्यात धुवायची नाही आणि एसटीत लेन्स लावून झोपायचं नाही.

धूळ, वारा, कूलर

एसटीत खिडकीची जागा सगळ्यांना हवी असते. रोपणाच्या माणसानं आतली जागा घ्यावी किंवा काच बंद ठेवावी. दुचाकीवर हेल्मेटची काच खाली हवी. टिपेश्वरला वाघ बघायला उघड्या जिप्सीतून जाताना पुढच्या गाडीची धूळ थेट तोंडावर येते, आणि वाटेवरच्या फांद्याही. बाजूंनीही झाकणारा, न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटचा चष्मा घालून खुशाल जावं. साध्या काचेचा गॉगल नको. फुटला तर त्याचेच तुकडे आत जातील.

डोळ्यात कण गेला तर चोळायचं नाही. ओलाव्याचे थेंब टाकून पापण्या मिटायच्या आणि उघडायच्या. टाका सैल झाला की कण गेल्यासारखंच सतत टोचतं आणि चिपडं येतात. टोचणं थांबलं नाही तर तपासून घ्यावं, कारण सैल टाक्यावर जंतू वाढतात आणि त्यातूनच पटल नाकारलं जाण्याची सुरुवात होऊ शकते. उन्हाळ्यात सगळे कूलरसमोर झोपतात. कूलरचा झोत सरळ तोंडावर घेऊ नये, डोळे कोरडे पडतात. त्याचं पाणी रोज बदलावं.

रात्री महामार्गावर समोरून ट्रकचे दिवे येतात तेव्हा रोपणाच्या डोळ्याला प्रकाशाभोवती वलयं दिसतात, अंतराचा अंदाज चुकतो. डॉक्टरांनी नजर तपासून हो म्हटल्याशिवाय गाडी चालवू नये, आणि रात्री तर शक्यतो दुसऱ्याला चालवू द्यावी.

मार लागण्याचा धोका

पूर्ण जाडीच्या रोपणाची जखम मूळ बुबुळाइतकी भक्कम कधीच होत नाही. दहा वर्षांनीही डोळ्यावर जोराचा फटका बसला तर ती शिवण उघडू शकते आणि डोळा जाऊ शकतो. सुट्टीत फटके कुठून येतात ते बघा: बसच्या फळीवरून पडणारी पिशवी, गर्दीतलं कोपर, शेजारी झोपलेल्या लेकराची लाथ, विटीदांडू, टेनिस बॉल, गोठ्यातल्या बैलाचं शिंग आणि शेपूट, फोडताना उडणारा नारळ. झोपताना डोळ्यावर प्लास्टिकचं छिद्रांचं झाकण चिकटवावं. ते डॉक्टर देतातच. परक्या घरी, एका खोलीत दहा जण झोपतात तिथं तर ते हवंच. देवीच्या यात्रेत जायचं तर पहाटे गर्दी कमी असताना जावं. जड ओझं उचलणं आणि बराच वेळ खाली वाकून काम करणं पहिल्या काही महिन्यांत टाळावं.

धुळवडीला घरातच थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे. रंगाची पूड, त्यातले खडे, पाण्याचे फुगे, तिन्हींचा धोका एकाच दिवशी असतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलाल, लग्नात हळद, वरातीत फटाके. या ठिकाणी चष्मा लावून लांब उभं राहावं. नवरदेवाच्या मामालाही हे सांगायला लाज वाटू देऊ नये.

चुना, रंग, ॲसिड, फवारणीचं औषध डोळ्यात गेलंच, तर सगळे नियम बाजूला ठेवून स्वच्छ पाण्यानं निदान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा. चोळायचं नाही, दाबायचं नाही. धुणं झालं की थेट रुग्णालय. फटक्यानं डोळा फुटल्याची किंवा शिवण उघडल्याची शंका असेल तर मात्र धुवायचा नाही, थेंबही टाकायचे नाहीत. वरून कठीण झाकण लावून निघायचं.

डोळे आलेत, असं गृहीत धरू नका

२०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे येण्याची साथ होती. त्या दिवसांत प्रत्येक लाल डोळ्याला एकच नाव मिळत होतं. घरात कुणाचे डोळे आलेले असतील तर रोपणाच्या माणसानं त्याचा टॉवेल, उशी, साबण वापरू नये, जमलं तर मुक्काम हलवावा. आणि आपलाच डोळा लाल झाला तर डोळे आले म्हणून औषधाच्या दुकानातून लाल डोळ्याचे थेंब आणू नयेत. त्या बाटल्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. पटल नाकारलं जात असेल तर ते अपुरं पडतं, आणि बुरशीचा किंवा हर्पिसचा संसर्ग असेल तर तो त्यानं भडकतो. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. फरक डॉक्टरांच्या स्लिटलॅम्पखालीच, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखालीच कळतो. तोवर नेहमीचे थेंब नेहमीच्या वेळेला चालू ठेवायचे आणि शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयाला फोन लावायचा. फोन लागत नसेल, तर मिळेल ती बस पकडून निघायचं. मुक्काम अर्धवट राहिला तरी चालेल.